उलटे आटे आणि अप्पांची जीप

कड्‌!

आवाज तसा छोटासाच होता. पण ज्याने आयुष्यात कधी लोखंड तोडलं आहे त्याला तो लगेच ओळखू येतो. मी चाकाच्या पान्यावर दोन्ही पाय देऊन उभा होतो, दुसऱ्या क्षणाला अंगणात चिऱ्यांवर बसलेला होतो, आणि चाकाचा नट स्टडच्या तुकड्यासकट गडगडत तुळशीकडे चालला होता.

"अरे बाबा, डावीकडचं चाक ना ते? त्याचे आटे उलटे असतात! तू ढिला नाही करत होतास, आवळत होतास!" चाचा ओटीवरून ओरडले. चहाचा कप मात्र त्यांनी खाली ठेवला नाही.

तर मंडळी, चार वर्षं इंजिनियरिंग आणि पाच वर्षं हिंजवडीत कोड लिहून झाल्यावर मला कळलं की नट उलटाही फिरतो. असो. अज्ञान उघडं पडलंच आहे, तर निदान त्यावर एक लेख तरी व्हावा, म्हणून हा वीकांताचा उद्योग.

पार्श्वभूमी अशी. रत्नागिरीला आमच्या घरामागच्या पडवीत अप्पांची, म्हणजे माझ्या आजोबांची, जीप आहे. सी जे थ्री बी, उंच बॉनेटवाली. साठच्या दशकात अप्पांनी ती जुनी म्हणून विकत घेतली. आंब्याच्या पेट्या, शेणखत, लग्नाची वऱ्हाडं, बाळंतिणी, सगळं तिने वाहिलं. अप्पा गेल्यावर ती नुसतीच उभी होती. यंदा नानाकाकांनी मनावर घेतलं. आजीला पंच्याऐंशी पूर्ण होताहेत, तिचं माहेर मलकापूरचं, तर तिला अप्पांच्या जीपमधून आंबा घाट चढून माहेरी न्यायचं! कल्पना सगळ्यांना इतकी आवडली की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस नुसते हार्ट पडत होते. इंजिन सुरू झालं, रंग झाला, सीटांना नवी कव्हरं आली. राहिलं होतं ते फक्त "चाकं जरा बघून घ्या" एवढंच काम, आणि ते माझ्याकडे आलं. कारण मी इंजिनियर. :)

आटे उलटे का?

चाचा म्हणजे अप्पांच्या वेळेपासून आमच्या गाड्या बघणारे मिस्त्री. आता वय झालं, गॅरेज मुलाकडे आहे आणि मुलगा नव्या गाड्या करतो. चाचांनी तुटलेला स्टड उचलून दाखवला. टोकावर इंग्रजी एल कोरलेला होता. एल म्हणजे लेफ्ट.

सायकलचा डावा पायडल कधी खोलला असेल तर आठवेल, त्याचेही आटे उलटेच असतात. फिरत्या भाराखाली जराशी ढिली असलेली जोडी हळूहळू सरकत जाते आणि स्वतःला उलगडू बघते. गाडी पुढे जाताना डावं चाक बाहेरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. नेहमीचा, सुलट आट्यांचा नट त्याच दिशेला सुटतो. म्हणून त्या काळच्या इंजिनियरांनी सरळ नियम केला, उजवीकडे सुलट आटे आणि डावीकडे उलटे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला हेच होतं. डॉज, प्लिमथ, डिसोटो या क्रायस्लरच्या गाड्यांना तर साधारण १९७० पर्यंत होतं. आणि मुंबईत वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने (स्थापना १९४४) जुळणी केलेल्या गाड्या याच घराण्यातल्या. म्हणजे आपल्याकडे हे उलटे आटे काही कमी फिरले नाहीत.

पुढे लक्षात आलं की नटाची बैठक शंकूच्या आकाराची असली आणि तो योग्य जोराने आवळला, तर दोन्हीकडे सुलट आटे ठेवूनही काही बिघडत नाही. मग ही पद्धत मागे पडली. पण जुन्या गाड्या राहिल्या, आणि त्या उघडणारे हात बदलले.

खरा धक्का पुढे होता. चाचांनी बाकीचे चार नट (उजवीकडे फिरवून!) काढायला घेतले. दोन सुटले. तिसरा उलट दिशेने सुटला. म्हणजे कुणीतरी मध्येच कधीतरी तुटलेल्या स्टडच्या जागी सुलट आट्यांचा स्टड बसवला होता. चौथा तर कुठल्याच दिशेला सरळ येईना. शेवटी छिन्नी घालून काढला. तो सुलट नट उलट्या स्टडवर जबरदस्तीने चढवलेला होता, आतले आटे पार चेपून गेले होते. पाच नटांपैकी एक माझ्या हातून तुटलेला आणि एक नुसता नावाला धरून बसलेला. आणि आम्ही आजीला घेऊन घाट चढणार होतो.

आमच्या धंद्यात याला सरळ नाव आहे. जुन्या कोडमध्ये कुणीतरी घाईत 'तात्पुरता' फिक्स टाकतो, कुठे लिहून ठेवत नाही आणि नोकरी सोडून जातो. फरक इतकाच की आमच्याकडे सर्व्हर पडतो.

चाक आणि ब्रेक हे एकच प्रकरण

त्या रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो. आपण चाक वेगळं आणि ब्रेक वेगळा समजतो. पण मोटारीच्या इतिहासातल्या सुरुवातीच्या एका गाजलेल्या अपघाताने हे दोन्ही एकत्रच शिकवले होते.

२५ फेब्रुवारी १८९९. लंडनजवळचं हॅरो. ग्रोव्ह हिल नावाचा तीव्र उतार. एडविन सेवेल हा ३१ वर्षांचा चालक डेमलर कंपनीची सहा अश्वशक्तीची वॅगनेट गिऱ्हाइकांना दाखवत होता. गिऱ्हाईक म्हणजे एका मोठ्या स्टोअर्समधले अधिकारी, मेजर रिचर. उतारावर वेग वाढला, सेवेलने ब्रेक दाबला आणि मागचं लाकडी आऱ्यांचं चाक मोडलं. गाडीतली माणसं बाहेर फेकली गेली. सेवेल जागीच गेला, मेजर काही दिवसांनी. ब्रिटनमध्ये मोटार चालवताना चालकाचा मृत्यू झाल्याची ही पहिली नोंद मानतात. १९६९ मध्ये त्या जागी एक पाटीही लावली आहे.

नीट बघा, इथे ब्रेक लागला नाही असं नव्हतं. ब्रेक लागला! पण त्याचा सगळा पीळ ज्या चाकातून रस्त्यापर्यंत जायचा होता, ते घोडागाडीच्या वंशातलं चाक तो सोसू शकलं नाही. घोडागाडीचं चाक फक्त ओझं उचलतं. मोटारीचं चाक ओझंही उचलतं, ढकलतंही आणि थांबवतंही. साखळीच्या तीन कड्या म्हणजे ड्रम, हब आणि चाक. त्यातली सगळ्यात कच्ची असेल तेवढाच तुमचा ब्रेक चांगला.

ड्रम ब्रेकची कल्पना त्याच सुमाराला आकार घेत होती. १९०२ मध्ये फ्रान्सच्या लुई रेनॉने आज आपण ओळखतो तसा, आतून फाकणाऱ्या शूंचा ड्रम ब्रेक आणला. चाकाबरोबर फिरणारं बीडाचं भांडं, आत दोन अर्धचंद्राकृती शू. पायाने दाबलं की शू फाकतात आणि भांड्याला आतून घासतात. यातली गंमत अशी की पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच आणखी घट्ट बसतो. म्हणजे पायाने थोडा जोर द्यायचा आणि बाकीचा ड्रम देतो. पॉवर ब्रेक नसलेल्या काळात हे वरदानच होतं. घासण्यासाठी आधी चामडं, कापडी पट्टे वगैरे वापरून बघितले. ते जळायचे. इंग्लंडच्या हर्बर्ट फ्रूडने (फेरोडो हे नाव त्याच्याच आडनावाच्या अक्षरांतून आलंय) १९०८ च्या सुमाराला अ‍ॅस्बेस्टॉसचं लायनिंग आणलं, आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जग त्यावर थांबत राहिलं.

तरी कित्येक वर्षं ब्रेक फक्त मागच्या चाकांनाच असायचे. फोर्ड मॉडेल टी (१९०८ ते १९२७, दीड कोटी गाड्या!) मध्ये तर पायाचा ब्रेक चाकांवर नव्हताच, गिअरबॉक्समधल्या एका पट्ट्यावर होता. चाकांवर होता तो हातब्रेक. म्हणजे गिअरबॉक्स ते चाक या वाटेत काही तुटलं की पायाखालचा पेडल नुसता शोभेचा. चारही चाकांचे ब्रेक विसाच्या दशकात रुळले. तेव्हा ते इतके जबरदस्त वाटत की इंग्लंडमध्ये काही गाड्यांच्या मागे लाल त्रिकोण लावत, मागच्याने सावध राहावं म्हणून. तेलाच्या दाबावर चालणारे चार ब्रेक पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत आले १९२१ च्या ड्युझनबर्गमध्ये. हेन्री फोर्डला मात्र तेलावर भरवसा नव्हता. त्याने यांत्रिक ब्रेकच चालू ठेवले, थेट १९३८ च्या मॉडेलपर्यंत.

फोर्डचं अगदीच चुकलं होतं असंही नाही. त्या काळच्या तेलाच्या ब्रेकमध्ये चारही चाकांना मिळून एकच मास्टर सिलिंडर आणि एकच वाट असायची. एका चाकाजवळची रबरी नळी फुटली की चारही ब्रेक गेले. दोन वेगळ्या वाटा असाव्यात हा नियम अमेरिकेत लागू झाला तो १९६८ मध्ये. आमच्या जीपला एकच वाट आहे.

१९६८ हे साल लक्षात ठेवा. पुन्हा येणार आहे.

घाट

रत्नागिरी आणि उरलेला महाराष्ट्र यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे, हे आपण नकाशात बघतो. पण कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. माझ्या पिढीच्या जन्माच्या आसपास! त्याआधी रत्नागिरीच्या माणसाला दोनच वाटा होत्या, बोट नाहीतर घाट. कोल्हापूरला आंबा घाट, कराडला कुंभार्ली. म्हणजे इथला प्रत्येक प्रवास शेवटी ब्रेकवर येऊन टेकायचा.

एसटीची पहिली गाडी धावली १ जून १९४८ ला, अहमदनगर ते पुणे. सुरुवातीच्या ताफ्यात शेवरोले, फोर्ड, बेडफर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड अशा दहा बनावटींच्या गाड्या होत्या. तेव्हा ते वाचताना गंमत वाटली होती, आता अंगावर काटा आला. दहा बनावटी म्हणजे दहा तऱ्हेचे ड्रम, स्टड, पाने. आणि हे सगळं डेपोतल्या मिस्त्रींनी डोक्यात ठेवायचं. विविधता कमी करून ठराविकच बनावटी घेण्याकडे एसटी पुढे का वळली असेल, हे त्या तुटलेल्या स्टडकडे बघून मला नीट कळलं.

आता थोडं गणित. (कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा, पण सोडू नका.) समजा एक जीप, माणसं आणि मागे भरलेला ट्रेलर मिळून १८०० किलो आहे आणि घाटात ती ५०० मीटर खाली उतरते. वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची, म्हणजे सुमारे ८८ लाख ज्यूल. वेग न वाढवता उतरायचं तर ही सगळी ऊर्जा कुठेतरी जायला हवी. २५ अंशावरचं २८ लिटर पाणी उकळीपर्यंत नेईल इतकी ही ऊर्जा आहे! दोन बादल्या म्हणा. चारही ड्रमचं बीड मिळून समजा २८ किलो भरलं आणि सगळी उष्णता त्यातच साठली, तर तापमान जवळजवळ ६८५ अंशांनी वाढेल. लोखंड लाल होईल.

प्रत्यक्षात असं होत नाही, कारण काही उष्णता वारा नेतो, आणि बराचसा भार इंजिन घेतं, जर गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर. 'ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं' हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम म्हणजे हेच गणित.

आणि ड्रम तापला की काय होतं? बीड प्रसरण पावतं. ९ इंची ड्रम २०० अंशांनी तापला तर त्याचा व्यास सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. शूपासून दूर! डिस्क ब्रेकमध्ये चकती तापून पॅडकडे फुगते, ड्रम मात्र नेमका पळून जातो. त्यात लायनिंगची पकड उष्णतेने कमी होते. त्यात ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं, आणि कोकणात ओलावा काय कमी? कोरडं असताना डॉट ३ तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. ओलावा घेतलेल्या तेलासाठी हाच आकडा १४० आहे. तेल उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली जाते. पेडल थेट फळीला टेकतो. गाडीचा काहीही बिघाड नसताना.

ड्रमच्या आत

दुसऱ्या दिवशी चाचा पुलर घेऊन आले. या जीपचा मागचा हब निमुळत्या शाफ्टवर चावी घालून बसवलेला असतो आणि मधला मोठा नट त्याला ओढून धरतो. महायुद्धातल्या जीपची मागची रचना वेगळी होती. तिथे वजन बाहेरच्या नळीवर असायचं, शाफ्ट काढला तरी चाक जागेवर. आमच्या जीपमध्ये शाफ्टच वजन पेलतो. म्हणजे तो नट ढिला राहिला किंवा शाफ्ट टोकाला तुटला तर चाक एकटं जात नाही, ड्रम घेऊन जातं. म्हणजे त्या बाजूचा ब्रेकही गेला.

"हातोडा मारायचा नाही," चाचा म्हणाले. "लोक मारतात. मग आतली बेअरिंग बिघडते आणि ड्रमला तडा जातो. पुलरने ओढायचं आणि वाट बघायची."

वाट बघितली. 'ठप्प' असा आवाज होऊन ड्रम सुटला. आत जे दिसलं ते सांगतो. ऑइल सील गळून गिअरचं तेल लायनिंगवर आलेलं. ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर निळसर डाग आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे. चाचांनी आतून माप घेतलं. मूळ ९ इंच, म्हणजे २२८.६ मिलिमीटर. एवढ्या ड्रममध्ये झीज आणि लेथवरचं घासणं मिळून साधारण दीड मिलिमीटरपर्यंत चालतं. आमचा दोनच्या वर गेला होता. पातळ ड्रम लवकर तापतो, लवकर फुगतो आणि एक दिवस फुटतो.

"हे निळं कशाने?" मी विचारलं.

"तापल्याने. असा एका दिवसात नाही होत. पण एखादा दिवस फार मोठा असतो." चाचा एवढं बोलून थांबले आणि नानाकाकांकडे बघितलं.

आमच्या घरात एक गोष्ट आहे. मी ती किमान पन्नास वेळा ऐकली असेल. कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७) त्याच्या पुढच्या मे महिन्यातली. म्हणजे १९६८. अप्पा कोल्हापूरला आंबे पोचवून येताना ट्रेलरमध्ये गुळाच्या ढेपा भरून परत येत होते. आंबा घाटात ब्रेक गेले. अप्पांनी डोकं शांत ठेवलं, दरीकडे न जाता जीप डोंगराच्या बाजूच्या चरात घातली, कड्याला घासत घासत थांबवली. सगळे वाचले. अप्पा शूर. लग्नाकार्यात ही गोष्ट निघतेच, आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, "आता असे ड्रायव्हर राहिले नाहीत."

त्या संध्याकाळी मी उत्साहाने आजीला सगळं सांगायला बसलो. ड्रम कसा फुगतो, तेल कसं उकळतं. म्हटलं, आजी, अप्पांचा काही दोष नव्हता गं, त्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नव्हते, सगळा भार या चार ड्रमांवर आला.

आजी फणसाच्या आठळ्या सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मी होते गाडीत."

हे मला माहीत नव्हतं. गोष्टीत आजी कधीच नसायची.

"इंजिनाचा आवाज नव्हता. पाखरं ऐकू येत होती. यांना सवय होती तशी. उताराला बंद करून सोडायचे गाडी, पेट्रोल वाचतं म्हणून."

मी गप्प. म्हणजे न्यूट्रल. म्हणजे ते ८८ लाख ज्यूल सगळेच्या सगळे ब्रेकवर.

"आणि सगळे वाचले असं म्हणतात ते, जीव वाचले सगळ्यांचे," ती पुढे म्हणाली. "पण मागे ट्रेलरवर बसलेला पोरगा दगड घेऊन उडी मारून आला. चाकाला लावायला. त्याचा पाय गेला चाकाखाली."

तो पोरगा म्हणजे कोण हे विचारायची गरजच पडली नाही. आमच्या बागेत एक तात्या होते. मी पाच-सहा वर्षांचा असताना ते आंबे निवडायला बसत, डावा पाय ओढत चालत. आम्ही भावंडं त्यांच्या मागून तसं चालून दाखवायचो. एकदा नानाकाकांनी मला त्यावरून खाडकन थोबाडीत मारली होती. नानाकाकांनी मला मारलेली ती एकुलती एक. तेव्हा एवढ्याशा गोष्टीला का मारलं हे मला कळलं नव्हतं.

अप्पांनी त्यांना शेवटपर्यंत कामावर ठेवलं, घर बांधून दिलं, हेही खरं. पण गोष्टीतून ते गळाले. पन्नास-पंचावन्न वर्षं आमच्या घरात शौर्याची गोष्ट चालली, आणि गिअर, ट्रेलर आणि तात्यांचा पाय एवढंच तिच्यात नव्हतं. अप्पांना दोष देणं मला सोपं आहे, कारण मी एसीत बसून गणित करतोय. पेट्रोल वाचवणं ही तेव्हा चैन नव्हती, गरज होती. पण 'ब्रेक गेले' हे वाक्य मला आता पूर्वीसारखं ऐकू येत नाही. ब्रेक आपले आपण कुठे जात नाहीत. ते घालवले जातात, थोडे थोडे, आणि बहुतेक वेळा चांगल्या माणसांकडून.

तर मग जुनी गाडी घ्यायचीच नाही का?

घ्या की! २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या, मूळ रूपात असलेल्या दुचाकी-चारचाकींना 'व्ही ए' मालिकेचा वेगळा क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीची फी २० हजार. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती यासाठी चालवता येते, रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला नाही. पुण्या-मुंबईतले बरेच मित्र हल्ली जुनी जीप, फियाट, अ‍ॅम्बेसेडर शोधताहेत. त्यांच्यासाठी, चाचांनी सांगितलेलं जसंच्या तसं:

१. रंगाआधी ड्रम. इंजिन नंतर. गाडी चालली नाही तर घरी राहाल, थांबली नाही तर राहणार नाही.

२. प्रत्येक स्टडचे आटे बघा. एका चाकात दोन जाती नकोत. चाकावर रंगाने बाण काढून ठेवा, पुढच्या माणसासाठी. नट नवीन बसवला की ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळून बघा.

३. मधला मोठा नट, चावी आणि स्प्लिट पिन डोळ्यांनी बघा. 'असेल' म्हणू नका.

४. ड्रम मापा. तडा दिसला तर लेथवर नेऊ नका, भंगारात द्या. एका बाजूचा बदलला तर दुसऱ्या बाजूचाही बदला, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एकीकडे ओढते.

५. जुन्या लायनिंगची धूळ फुंकू नका, हवा मारू नका. अ‍ॅस्बेस्टॉस असतो. ओल्या फडक्याने पुसा.

६. रबरी नळ्या आणि तेल वयावर बदला, किलोमीटरवर नाही. उभ्या गाडीचंही तेल पाणी पितं.

७. पाण्यातून गाडी काढली की पेडल हलका दाबून थोडं अंतर चालवा. ओला ड्रम धरत नाही. पावसाळ्यात कोकणात हे विसरून चालणार नाही.

८. घाटात खालचा गिअर. न्यूट्रल कधीच नाही. कधीच म्हणजे कधीच.

हा शेवटचा मुद्दा सांगताना चाचांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनाही ती गोष्ट माहीत होती. घासलेले ड्रम गेली कित्येक वर्षं तेच बघत होते ना.

आजीचा वाढदिवस झाला. आम्ही मलकापूरला माझ्या ऑफिसच्या कर्जाच्या गाडीतून गेलो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची जरा निराशा झाली. आजीची नाही. ती खिडकीची काच खाली करून बसली होती. साखरप्याच्या पुढे घाट लागला तसं तिने मला विचारलं, "गिअर खालचा आहे ना रे?" म्हटलं, आजी, आपण चढतोय. म्हणाली, "मग येताना विचारीन."

येताना खरंच विचारलं.

जीप अजून पडवीत ठोकळ्यांवर आहे. नवे ड्रम कोल्हापूरहून यायचेत, उलट्या आट्यांचे स्टड मुंबईला एकाकडे मिळाले. दिवाळीपर्यंत होईल असा अंदाज आहे. पहिली फेरी कुठे न्यायची ते नानाकाकांनी ठरवलं आहे. घाटात नाही. तात्यांच्या घरी. त्यांचा मुलगा बागेपलीकडेच राहतो. सगळा सपाट रस्ता आहे.

आणि हो, या दिवाळीला ती गोष्ट निघाली तर पूर्ण सांगायची, असं माझं आणि नानाकाकांचं ठरलंय.